खाली राठोडताईंचं नाव

चंद्रकला राठोड यांनी लिहिलेल्या एकाही नोंदीत 'लवकरात लवकर' हे शब्द मी कधी वाचले नाहीत. आमच्या धंद्यात ही मोठी गोष्ट आहे. आमची कंपनी शेतात सौर पंप बसवायची आणि पुढची काही वर्षं त्यांची दुरुस्ती पाहायची. पंप बंद पडला की शेतकरी फोन करायचा, नाहीतर मोबाइलवरून निरोप टाकायचा. त्याची तक्रार कॉम्प्युटरवर उघडायची, तिला आम्ही तिकीट म्हणायचो. तिकिटाखाली आम्ही जी नोंद लिहू ती शेतकऱ्याच्या मोबाइलवर जायची, आणि तो जे उत्तर देईल ते तिकिटाखाली येऊन बसायचं. इतर तालुक्यांतल्या नोंदी ठरलेल्या असत : 'आपल्या तक्रारीची दखल घेतली असून लवकरात लवकर निराकरण करण्यात येईल.' राठोडताई लिहायच्या, 'वसीम बुधवारी येईल. बाजार उठल्यावर येईल, त्याआधी वाट पाहू नका.'

मी एकदा म्हटलं, "ताई, लवकर येईल एवढं लिहिलं तरी चालते. पुढे वसीमले नाही जमलं तर?"

"लवकर म्हणजे कवा, गावंडेभाऊ? तुम्ही घरी सांगता का, लवकर येतो म्हणून? वहिनी काय म्हणते मग?"

वहिनी किती वाजता ते विचारते.

दिग्रसला एका जिनिंगच्या फाटकासमोर, खताच्या दुकानाच्या वर आमच्या दोन खोल्या होत्या. मी दारव्ह्याहून रोज बसने जायचो. माझं काम आकड्यांचं : महिन्याला किती तक्रारी आल्या, पहिलं उत्तर किती वेळात गेलं, पंप किती दिवसांत सुरू झाला, याचा अहवाल पुण्याच्या मुख्य कार्यालयात पाठवायचा. मी आकडे लावणारा आणि त्या आकडे बिघडवणाऱ्या, असं आमचं नातं पहिल्या महिन्यातच ठरून गेलं.

पन्नाशीच्या जवळ आलेल्या, उंच, आवाजाने भरभक्कम बाई. साडीवर पांढरे खेळाचे बूट घालायच्या आणि त्यावर कोणी हसलं तर त्याच्याकडेच बघत बसायच्या. त्यांचा तांडा दिग्रसपासून फार लांब नव्हता. फोन ठेवायला त्यांनी एक पिशवी शिवली होती, आईच्या जुन्या घागऱ्यातला आरसे लावलेला तुकडा कापून. ती टेबलावर ठेवली की दुपारी छतावर उजेडाचे ठिपके पडत. कापसाच्या हंगामात समोरच्या जिनिंगमधून तंतू उडत येत आणि सगळ्या वस्तूंवर बसत. लिहायला बसण्याआधी कीबोर्डवर मोठी फुंकर मारायची त्यांची सवय त्यातूनच लागली असावी. पुढे पावसाळ्यातही, कापूस कुठेच नसताना, त्या फुंकर मारूनच सुरुवात करायच्या.

फोन उचलला की पहिला प्रश्न, "जेवन झालं का?" पंपाचा नंबर त्यानंतर. समोरचा माणूस पंप बंद म्हणून तापलेला असे. जेवणाचं विचारल्यावर तो क्षणभर अडायचा आणि मग त्याला ओरडणं जमत नसे. ही युक्ती आहे असं मी समजत होतो. पण त्या बँकेतल्या शिपायालाही तेच विचारायच्या आणि कुरियरवाल्यालाही, आणि 'नाही' म्हटलं तर खरोखर डबा उघडायच्या. डब्यात भाकर आणि तळलेली हिरवी मिरची. ती मिरची मी एकदाच खाल्ली.

त्यांची नोंद म्हणजे लहानसं वर्णनच असे. एकदा एका शेताच्या तिकिटावर त्यांनी लिहिलं : 'मोटर फिरते, पाणी येत नाही. नाल्यातून गाडी जात नाही, शेताच्या कडेने, धुऱ्याधुऱ्याने पायी जावे. कुत्रं आहे, चावत नाही.' आमचा तंत्रज्ञ वसीम दिग्रसचाच, पंचविशीतला, कामाला चोख. तो गेला आणि शेतातूनच त्याने तिकिटाखाली नोंद टाकली : 'कुत्रं चावते.' शेतकऱ्याने ती मोबाइलवर वाचली आणि खाली उत्तर लिहिलं : 'ओळखीच्याले नाही चावत.' त्यावर ताईंची नोंद : 'वसीम, ओळख कर.'

हे चार निरोप पुण्याच्या साहेबांनीही वाचले, कारण सगळी तिकिटं त्यांना दिसत. त्यांनी मला विचारलं, ही तुमच्याकडची कामाची पद्धत आहे का. मी म्हणालो, पंप त्याच दिवशी सुरू झाला आहे, तारीख पाहून घ्या.

गुण सांगितले तर दोषही सांगायला हवेत. चूक दाखवलेली त्यांना बिलकूल खपत नसे. चूक दाखवली की त्या भांडत नसत, चहा करत. सगळ्यांना चहा देत, आणि ज्याच्यावर राग असेल त्याच्यासमोर कप न बोलता ठेवून निघून जात. असा मुका चहा मी पुष्कळ प्यायलो आहे. वसीमला शेतात पोचायला उशीर झाला की शेतकऱ्याला त्या बेधडक सांगायच्या, "निघाला जी, फाट्यावर आला," आणि वसीम आमच्यासमोर बूट घालत असायचा. मग त्याला पायऱ्यांवरून अक्षरशः ढकलत, कारण एकदा शब्द गेला की तो खरा झाला पाहिजे.

त्यांच्या पद्धतीत एकच खोट होती, आणि ती माझ्या अहवालात दिसायची. आधी फोन, मग जेवण, मग सगळी विचारपूस, मग नोंद. त्यामुळे पहिलं उत्तर तिकिटावर उशिरा पडायचं. आणि करारातली अट अशी होती की तक्रार आल्यापासून दोन तासांत कंपनीच्या माणसाने, आपल्या नावानिशी, लेखी उत्तर दिलं पाहिजे. एका उन्हाळ्यात पुण्याहून स्पष्ट कळवण्यात आलं : दिवाळीपर्यंत हा आकडा सुधारला नाही तर दिग्रसचं टेबल बंद, सगळं काम नागपूरला.

ताईंनी ते पत्र दोनदा वाचलं. "म्हणजे दिग्रसच्या माणसानं नागपूरले विचाराचं, माह्या धुऱ्यावरचा पंप काहून बंद हाय?" त्या म्हणाल्या. मग पहिल्यांदाच मला विचारलं, "भाऊ, आकडा कशानं सुधरते?"

सुधारायचा मार्गही पुण्याहूनच आला. तिकडचा अभिषेक नावाचा मुलगा दोन दिवस आमच्याकडे राहिला. त्याने कॉम्प्युटरवर एक साधन दाखवलं. पडद्यावर चौकोन आणि त्यांना जोडणारे बाण. तक्रार आली की हा निरोप आपोआप लिही. शेतकऱ्याने उत्तर दिलं की तो निरोप लिही, पण दिवसातून एकदाच. चार दिवस तिकिटावर कोणाचीच नोंद पडली नाही तर ते लाल कर. अशा साखळ्या एकदा बांधल्या की माणसाने हात लावायचं काम नाही.

ताई शिकणार नाहीत असं मला वाटलं होतं. त्या दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत अभिषेकच्या चुका काढत होत्या. "बापू, हा बाण तिकडे कायले नेला? माणसानं फोन नंबर चुकीचा देल्ला तर तो जाईन कुठी?" अभिषेकने कान पकडले आणि बाण बदलला. निरोपांची वाक्यं त्याने तयार आणली होती, ती त्यांनी सगळी पुसली आणि आपल्या भाषेत लिहिली. 'रामराम. तुमची तक्रार पोहोचली. पंपाजवळ लहान मुलांना जाऊ देऊ नका, आम्ही पाहतो.' आणि प्रत्येक निरोपाखाली, अटीप्रमाणे : 'चंद्रकला राठोड, दिग्रस.'

पहिल्याच महिन्यात पहिल्या उत्तराचा वेळ तासांवरून मिनिटावर आला. पुण्याहून अभिनंदन आलं. ताईंनी पेढे आणले, अभिषेकला फोनवर "जेवन झालं का?" विचारलं आणि मला म्हणाल्या, "आता कसा हाय आकडा?"

आकडा उत्तम होता. पण मला दुसरा रकानाही भरायचा होता. पंप सुरू व्हायला लागणारे दिवस कमी झाले नव्हते, उलट थोडे वाढले होते. मी ते तसंच सांगितलं. त्या दिवशी मुका चहा मिळाला.

शेतकऱ्यांना मात्र हे सगळं ताईच लिहितात याबद्दल काडीचीही शंका नव्हती. वाक्य त्यांचं, नाव त्यांचं. निरोपाखाली लोकांची उत्तरं येऊ लागली : मुलीच्या साक्षगंधाला या, गाय व्याली, तुमचा आवाज परवा बसलेला वाटला. एक दिवस उमरखेडकडून एक बाई पिशवीत भुईमुगाच्या शेंगा घेऊन आल्या आणि ताईंचा चेहरा निरखून पाहू लागल्या.

"काय पाहता माय?" ताईंनी विचारलं.

"पाहून राह्यली, डोळे सुजले का म्हणून. आमच्या पोरानं पहाटेच्या पारी तक्रार टाकली, तर तुम्ही तवाच लिहिलं. झोपता कवा वं बाई तुम्ही? तब्येतीले जपत जा."

ताई हसल्या, शेंगा घेतल्या, बाईंना जेवू घातलं. बाई गेल्यावर बराच वेळ त्या शेंगा न फोडता नुसत्या खाली-वर करत बसल्या.

कामाची घडीही बदलली होती. तिकिटं वाढली होती आणि सगळी वाचायची गरज उरली नव्हती. लाल झालेली तेवढी उघडायची, वसीमला पाठवायचं. बाकीच्यांची काळजी साखळी घेत होती.

दिवाळी महिन्यावर आली होती. मी अहवालासाठी तिकिटं वेगवेगळ्या रकान्यांनी लावून पाहत होतो. सहज नोंदींच्या संख्येने लावली. इतरांखाली पाच-सात नोंदी, आणि सगळ्यात वर एक तिकीट, त्याखाली पन्नासच्या वर. वसीमच्या भेटीची जागा कोरी.

"ताई, या एकावर एवढे निरोप आहेत आणि माणूस गेलाच नाही."

"लाल नसन झालं. वाचा बरं."

मी वाचू लागलो. पुसदच्या बाजूचा एक तांडा, लक्ष्मण नाईक, पंप बंद, हळद आहे. त्याखाली ताईंच्या नावाचा निरोप : रामराम, तुमची तक्रार पोहोचली. त्याखाली नाईकांचं उत्तर : 'राम राम याडी. बरं.' याडी म्हणजे गोरबोलीत, बंजाऱ्यांच्या बोलीत, आई. मुलीलाही मायेने तसं म्हणतात. मग यंत्र : 'तुमचा निरोप मिळाला. आम्ही पाहत आहोत. चंद्रकला राठोड, दिग्रस.' दुसऱ्या दिवशी सकाळी नाईक : 'राम राम याडी. सावकाश पाहा.' यंत्र : तुमचा निरोप मिळाला. तिसऱ्या दिवशी : 'राम राम. आज ऊन फार आहे, तुझ्याकडे कसं आहे?' यंत्र : तुमचा निरोप मिळाला. पुढे, 'शेजाऱ्याच्या विहिरीवरून अर्ध्या हळदीले पाणी देल्लं. काळजी करू नको.' यंत्र : आम्ही पाहत आहोत.

"थांबा," ताई म्हणाल्या.

रोज सकाळी एक निरोप, रोज त्याला एक उत्तर. तिकिटावर रोज नोंद पडत होती, म्हणून ते चार दिवस कधी गप्प राहिलं नाही, म्हणून कधी लाल झालं नाही. ज्यांनी कंटाळून उत्तर देणं सोडलं त्यांच्याकडे वसीम जाऊन आला होता. रोज न चुकता राम राम करणारा माणूस तेवढा राहिला होता.

अर्ध्या तासात आम्ही वसीमच्या गाडीत होतो. मी कशाला गेलो ते मला नीट सांगता येणार नाही. ताई म्हणाल्या "चला," म्हणून गेलो.

लक्ष्मण नाईक सत्तरीचे, पागोटं, स्वच्छ धोतर, डोळ्यांवर दोरीने बांधलेला चष्मा. ताईंनी नाव सांगताच त्यांचा चेहरा उजळला. दोघं आधी गोरबोलीत बोलले. मग मी आहे हे पाहून नाईक मराठीत आले. "या जी पाहुणे. ही रोज मले लिहिते. घरचे लोक असे लिहीत नाही."

हळद मी पाहिली. जिथे शेजाऱ्याचं पाणी पोचलं होतं तिथे हिरवी, आणि पुढे पानांच्या कडा जळून आत वळलेल्या. वसीमने पंपाची पेटी उघडली. मागची एक वायर उंदराने कुरतडली होती. ती जोडायला त्याला चहा होईपर्यंतचाही वेळ लागला नाही. पाणी पडल्याचा आवाज आला तेव्हा तो मान खाली घालून हत्यारं गोळा करत होता.

"काका, तुम्ही फोन काहून नाही केला?" ताई म्हणाल्या.

"फोन कायले? तू तर रोज म्हणत होती, पाहून राह्यलो म्हणून. त्यावर आणखी फोन करणं बरं दिसते का?"

"आणि रोज उत्तर कायले देत होते?"

"कोणी राम राम केला तर आपण तोंड फिरवाव का, बेटी?"

ताई पाण्याकडे वळल्या. मग म्हणाल्या, "काका, ते मी नव्हती लिहीत. मशीन लिहीत होती."

नाईकांना ते कळायला वेळ लागला. कळलं तेव्हा ते रागावले नाहीत, फक्त चष्मा काढून पुसला. "पण खाली नाव तर तुहं होतं," ते म्हणाले.

दुसऱ्या दिवशी सकाळी ताईंनी अभिषेकला पडद्यावर बोलावलं आणि सगळं सांगितलं. तो मुलगा चांगला होता. त्याला खरंच वाईट वाटलं. शेतकऱ्याचं आणि यंत्राचं बोलणं मोजायचं नाही, माणसाने काही केलं तरच ते मोजायचं, असा बदल त्याने तिथल्या तिथे केला. अधूनमधून उत्तर देत राहिलेल्यांची जवळपास वीस तिकिटं एका क्षणात लाल झाली.

"आता माझं नाव काढ त्या निरोपाखालून," ताई म्हणाल्या.

"मॅडम, नाव काढलं तर करारात ते उत्तर म्हणून धरलंच जात नाही. तुमचाच आकडा पडेल."

ताईंनी माझ्याकडे पाहिलं. "भाऊ, किती पडन?"

"उन्हाळ्यात होता तिथे जाईल," मी म्हणालो. "दिवाळीआधी. टेबल जाईल, ताई." मला दुसरं काही सांगता आलं असतं तर सांगितलं असतं.

"मॅडम, दिवाळीपर्यंत राहू द्या," अभिषेक म्हणाला. "मी वर बोलतो, अट बदलता येते का ते बघतो."

"तवापर्यंत कितीजण राम राम करतीन बापू, माझ्या नावाले? टेबल कंपनीचं हाय, न्या. नाव माझ्या बापानं ठेवलं." मग आवाज खाली आणून म्हणाल्या, "जेवन झालं का तुझं?"

"नाही," अभिषेक म्हणाला.

"जेव आधी. मग काढ."

नाव निघालं. त्याच्या जागी ताईंनी स्वतः दोन वाक्यं लिहिली. पुढचे महिने त्या जुन्या पद्धतीने भिडल्या : सकाळी लवकर येऊन एकेक फोन, एकेक नोंद, आणि प्रत्येक हाताने लिहिलेल्या नोंदीखाली नाव. पंप सुरू व्हायचे दिवस घटले. मी तो रकाना अहवालात सगळ्यात वर घेतला आणि सोबत चार ओळी लिहिल्या. पहिल्या उत्तराचा आकडा सुधारला, पण दोन तासांच्या आत आला नाही. दिवाळीनंतर तसं पत्र आलं, संक्रांत झाली आणि टेबल नागपूरला गेलं. ताईंना तिकडे बोलावलं होतं, त्या गेल्या नाहीत. वसीमने पंपदुरुस्तीचं स्वतःचं दुकान टाकलं. मला यवतमाळच्या कार्यालयात घेतलं. शेवटच्या दिवशी त्यांनी सगळ्यांसाठी चहा केला, आणि बोलत बोलत दिला.

त्यानंतर त्या मला एकदाच दिसल्या. मी एका लग्नासाठी दिग्रसला उतरलो होतो. बस स्टँडच्या बाकावर त्या बसलेल्या, साडीवर तेच पांढरे बूट, मांडीवर आरशांची पिशवी. तांड्यावर जायला पुसदच्या बसची वाट पाहत होत्या. आता शेतीच पाहते, म्हणाल्या. तूर बरी आहे. लक्ष्मण नाईकांकडे जाऊन आल्या होत्या, हळद निम्मी आली, त्यांनी बियाण्याला गड्डे दिले.

"आणि पंप?" मी विचारलं.

"पंपच तर बंद पडला बाप्पा, माझाच. वसीमले हात लावू द्यावा तर कंपनी म्हणन, दुसऱ्यानं खोलला. आताच टाकली तक्रार, तुमच्या नागपूरले."

तेवढ्यात फोन वाजला. त्यांनी तो पिशवीतून काढला, हात लांब करून वाचला आणि माझ्यापुढे धरला. 'रामराम. तुमची तक्रार पोहोचली. पंपाजवळ लहान मुलांना जाऊ देऊ नका, आम्ही पाहतो. हा निरोप मशीनचा आहे, याला उत्तर द्यायची गरज नाही. माणूस लिहील तेव्हा खाली त्याचं नाव असेल.'

शब्द न् शब्द त्यांचाच होता. कोणी बदललं नव्हतं. खाली नाव नव्हतं.

त्यांनी फोन परत घेतला, पडद्यावर फुंकर मारली आणि एका बोटाने लिहू लागल्या.

"ताई, उत्तर द्यायची गरज नाही. तुम्हीच लिहिलं ते."

"माहीत हाय जी मले." बोट थांबलं नाही. "पण नागपूरले एखादी पोरगी बसली असन. वाचलं तर वाचलं."

पुसदची बस आत वळली. त्यांनी लिहिलेलं पाठवलं, फोन पिशवीत टाकला आणि उठल्या. मला दिसलं ते एवढंच होतं : 'राम राम. बरं. जेवण झालं का?'